टाचणीएवढं भोक

अप्पा, आज अण्णा नगरच्या एका दुकानात मी एका परक्या माणसाचं मनगट धरून त्याला मागे ओढलं. तो बिचारा यंत्र विकत होता. दाबानं पाणी मारून फरशी, भिंत, स्कूटर धुवायचं यंत्र. तुमच्या शेडमधल्या पंपाचं घरगुती पिल्लू म्हणा, लहान ट्रंकेएवढं, निळ्या रंगाचं, खाली दोन चाकं. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यानं एका शेवाळलेल्या फरशीवर फवारा मारून दाखवला. फरशी बघता बघता पांढरी झाली. आणि मग यंत्र किती निर्धोक आहे हे मला पटवायला तो हसत हसत स्वतःचाच तळवा फवाऱ्यापुढे न्यायला लागला. "वेरुम तण्णी दान सार," म्हणाला, नुसतं पाणीच तर आहे. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची ही हौस माणसाला कुठून येते कोण जाणे. मी ओरडलो, त्याला ओढलं, त्याच्या शर्टाचं बटण तुटलं. आत पंखे बघायला आलेलं एक कुटुंब दारात येऊन माझ्याकडे बघत राहिलं. मी त्याची माफी मागितली, आणि मग त्याच्याचकडे प्यायला पाणी मागितलं.

यंत्र हवं होतं अम्मासाठी. ऐप्पसीचा, दिवाळीच्या सुमाराचा पाऊस लागला की आपल्या गच्चीवर आणि मागच्या अंगणात शेवाळ धरतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही असताना ती खराटा आणि ब्लीचिंग पावडर घेऊन जशी घासत बसायची, तशीच अजून बसते. यंदा घसरली. उजवं मनगट मोडलं. चौसष्ट वर्षांची बाई, कोपरापर्यंत प्लास्टर, आणि चौथ्या दिवशी बघतो तर डाव्या हातात खराटा घेऊन जिना चढत होती. मी रागावलो. "ही हिरवी पासी ठेवली तर कोणी पडेल की रे," म्हणाली. म्हटलं, कोणी कशाला पडेल, तूच पडलीस. तर म्हणते, "सरी, पडलें की मी. आता कोण पडायचं राहिलं?" तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलं आहे का? तुम्हीही नाही जिंकलात. माझ्या बायकोनं खराटा लपवला, तर अम्मानं शेजारून दुसरा आणला.

दुकानात दोन यंत्रं होती. मोठं होतं त्याचा दाब जवळजवळ दीडपट, सोबत चार तोट्या, आणि विक्रेत्याचा सगळा जीव त्याच्यात. मी मात्र तुमच्यासारखे प्रश्न विचारत बसलो. आमच्या नळाला जोर नाही, ड्रममधून पाणी ओढेल का? एक दिवसाआड पाण्याची लॉरी येते, मिनिटाला किती पाणी पिईल? उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, तेव्हा मोटार नुसती गुरगुरत राहील का? अर्थिंग कसं? पाइपाचा जोड पितळेचा की प्लॅस्टिकचा? त्यानं विचारलं, "सार, तुम्ही या लाइनमधले का?" मी म्हटलं, नाही, बँकेत आहे. पाइप गळायला लागला तर कसं कळणार, असं विचारल्यावर तो म्हणाला, हात फिरवून बघायचा, ओलं लागेल. मी त्याला सांगितलं की गळती हातानं शोधायची नसते, पुठ्ठा फिरवून शोधायची असते. हे तुमचं वाक्य आहे. तुमच्या शेडच्या खांबाला पुठ्ठ्याचा एक तुकडा दोरीनं टांगलेला असायचा, तो मला आजही जसाच्या तसा दिसतो.

त्या शेडमध्ये तुम्ही मला एकदाच नेलंत. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आवडी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तो लॉऱ्या दुरुस्त करायचा कारखाना, आणि त्याच्या टोकाला तुमची धुलाईची शेड. चाकांना विटांसारखा कडक झालेला चिखल, इंजिनांवर बोटभर जाडीचं काळं ग्रीस. पाण्यात साबण आणि डिझेल मिसळून तुम्ही मारता, आणि ते सगळं सोलून निघतं. मी टाळ्या पिटतो. मग तुम्ही एका काठीला जुनी चप्पल बांधून फवाऱ्यासमोर धरता आणि चपलेचे दोन तुकडे होतात. मी हसून हात पुढे करतो, आणि तुम्ही माझ्या थोबाडीत देता. आयुष्यात एकदाच मारलंत. "पाणी म्हणून हसतोस का रे? हे पाणी पाणी नव्हे," असं म्हणालात आणि लगेच मला कडेवर घेतलंत. मी रडायचं थांबावं म्हणून एका लॉरीच्या धुळकट दारावर तुम्ही बोटानं 'अ' काढलात, मग 'आ'. मी मराठी लिहायला तिथं शिकलो. घरात आपण मराठी बोलायचो खरे, पण अक्षरं फक्त तुम्हाला येत होती, आजोबांच्या पोथीतून शिकलेली. त्यानंतर रोज संध्याकाळी तुम्ही मला ओल्या बोटानं अंगणात दोन अक्षरं काढून द्यायचात. ती सुकायच्या आत मला गिरवावी लागत.

मोठा झालो आणि मला तुमची लाज वाटायला लागली. आपले नातेवाईक कोणी कारकून, कोणी शाळामास्तर, तंजावरहून येऊन टेबलाखुर्चीवर बसलेले. त्यांच्यात तुम्ही म्हणजे "लॉऱ्या धुणारे राव". लग्नकार्यात ते हसत हसत तसं म्हणायचे आणि तुम्हीही हसायचात. मला हसू यायचं नाही. तुमच्या कपड्यांना येणारा डिझेलचा वास माझ्या वह्यांना लागतो असं मी अम्माला म्हणायचो. तुम्ही ते ऐकलं असणार, कारण एके दिवसापासून तुम्ही शर्ट घराबाहेरच काढून यायला लागलात.

तो शुक्रवार होता. मी एकोणीस वर्षांचा. दिवेलागणीच्या आधी तुम्ही आलात. अम्मा रस्त्यावरच्या हातपंपाच्या रांगेत कुडम घेऊन उभी होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पुस्तक घेऊन बसलो होतो, दुसऱ्या दिवशी एग्मोरला टायपिंगची परीक्षा होती. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलंत. पेरापाशी टाचणीएवढं भोक. रक्त नाही, काही नाही. थोडं पांढुरकं, जरासं फुगलेलं. पाइपातून बारीक धार उडत होती, लॉरीचा मालक घाई करत होता, पुठ्ठा भिजून फाटला होता, तेव्हा बोटानं चाचपलंत, असं तुम्ही चोरट्यासारखं सांगितलंत. मग म्हणालात, "बोट बधिर झालंय रे. आत काही गेलंय बहुतेक. दवाखान्याला जाऊ या का? तू चल. तिकडं इंग्लिशमध्ये लिहून द्यायचं असतं. तू शिकलेला, नीट सांगशील."

मी पुस्तकातून मान वर केली ती अर्धीच. म्हणालो, "टाचणी टोचल्यासारखं तर दिसतंय. एवढ्याशासाठी कोण दवाखान्यात जातं?" तुम्ही बोटाकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. "हं. तेही खरंच," म्हणालात. शिकलेला मुलगा सांगतो म्हणजे तसंच असणार, असं तुम्हाला मनापासून वाटलं. तुम्ही उठलात. अम्मा पाणी घेऊन आली, तिनं बोट बघितलं, विचारलं. "काही नाही, टोचलं जरा," असं तुम्ही माझ्या शब्दांत तिला सांगितलंत. तिनं आपल्याकडे करतात तसं हळद आणि चुना कालवून बांधलं. तुम्ही भात जेवलात, डाव्या हातानं. शनिवारी कामावरही गेलात.

रविवारी मनगटापर्यंत सूज होती. सोमवारी सकाळी दंडावर लाल रेघ आली आणि तुम्ही बरळायला लागलात. सरकारी इस्पितळात तरुण डॉक्टर होता, चिडलेला. त्यात तुम्हाला साखरेचा आजार. त्यानं पट्टी सोडली आणि तमिळमध्ये दोन वाक्यं बोलला. एक, ही हळद कोणी बांधली. दोन, पहिल्याच दिवशी आणलं असतं तर बोट उघडून आतलं डिझेल धुऊन काढलं असतं. अम्मानं पहिलं वाक्य ऐकलं आणि ती तिथंच खाली बसली. दुसरं मी ऐकलं. हात काढला, तरी विष पुढे गेलं होतं. पुढच्या शनिवारी तुम्ही गेलात.

एकोणीस वर्षं अम्मा येईल त्याला सांगते, "मी हळद बांधलें म्हणून गेले ते." तुमच्या दहाव्याला सांगितलं, माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलं, परवा प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरलासुद्धा सांगितलं. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. मध्यंतरी तिचा गुडघा फुटला तेव्हा ती रडत आजीकडे धावली, आणि आजीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "मला नको, मला नको, तुझ्या आईकडं जा," म्हणत मागे सरकली. पोरीला वाटलं, आजी तिच्यावर रागावली. मी समोर उभा होतो. मी तोंडात मिठाची गुळणी धरली, नेहमीसारखी. मला माझी किळस येते, अप्पा.

आणि वर मी तुम्हालासुद्धा खोटं लिहिलं आहे. टायपिंगची परीक्षा शनिवारी नव्हती, पुढच्या आठवड्यात होती. आजवर सगळ्यांना मी शनिवारच सांगत आलो, म्हणून हात आपसूक तसा वळला. खरं असं की त्या इस्पितळात चिठ्ठ्या देण्याच्या खिडकीवर माझ्या कॉलेजातल्या एका मित्राचे वडील बसायचे. आणि त्या मित्राला मी सांगितलं होतं की माझे वडील कारखान्यात मॅनेजर आहेत. खिडकीपाशी तुमच्या शर्टाच्या वासासकट तुमचं काम काय ते लिहून द्यावं लागलं असतं. बस, एवढंच.

मी लहान यंत्र घेतलं. कमी दाबाचं. पसरट फवाऱ्याची तोटी ठेवली आणि बारीक धारेची तोटी काउंटरवरच सोडून निघालो. विक्रेता मागे धावत आला, "सार, ती फुकट आहे!" म्हटलं, फुकट असली तरी ती धार नको. घरी आणून ड्रमला जोडलं. अम्मा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन गच्चीच्या दारात खुर्चीवर बसली. मी मुलीला खाली पाठवलं आणि फवारा मारायला लागलो. हिरवं निघून खालचं सिमेंट पट्ट्यापट्ट्यांनी वर यायला लागलं. तिनं पन्नास वर्षं गुडघ्यांवर बसून जे केलं ते वीस मिनिटांत होत होतं. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "असल्याच पाण्यानं का रे?"

"हो," मी म्हणालो. "पण त्याचा जोर पुष्कळ जास्त होता."

"एवढंसं होतं ते भोक. मी बघितलें की. कोणी एक शब्द बोललं असतं, दवाखान्याला न्या म्हणून, तर मी तशीच ओल्या लुगड्यानं नेलं असतं त्यांना." मग माझं तोंड बघून म्हणाली, "तू कशाला रडतोस? तुझी परीक्षा होती. तुला काय ठाऊक? पोदुम, पुरे, पूस डोळे."

एक शब्द. तो अगदी जिभेवर होता, अप्पा. तिनं माझ्या हातात आणून ठेवला होता. मी चाप दाबला. लहान असलं तरी यंत्राचा आवाज पुष्कळ मोठा आहे, त्यात काही बोलता येत नाही. उरलेली गच्ची मी धुऊन काढली, मग धुतलेलीच पुन्हा धुतली, ड्रम रिकामा होईपर्यंत.

आता संध्याकाळ आहे. अम्मा पलीकडच्या खोलीत मुलीकडून वेणी घालून घेते आहे. बँकेनं चार वर्षं पुण्याला ठेवलं तेव्हा माझं मराठी घासूनपुसून निघालं, म्हणून एवढं लांबलचक लिहिता येतं. पण हे पत्र मी तुम्हाला लिहायला बसलो नव्हतो. दुपारी तिलाच लिहायला घेतलं होतं, तमिळमध्ये, कारण तिला तेवढंच वाचता येतं. "अम्मा" एवढा एकच शब्द लिहून झाला आणि तो कागद फाडला. मग हा घेतला. हा टेबलावर उघडा पडला आहे, मघाशी ती येऊन त्याच्यावरच कॉफीचा पेला ठेवून गेली. तुम्ही शिकवलेली अक्षरं या घरात माझ्याशिवाय कोणालाच वाचता येत नाहीत, म्हणून मराठीत लिहिलं.