देवीलालकाकांचं झिंक

पुसद,
१८ ऑगस्ट २००६

प्रिय रंजिता,

जय भीम. काका-काकूंना माझा नमस्कार सांग. सांगायचा की नाही, ते शेवटपर्यंत वाचून ठरव.

इकडे सगळं ठीक. मेसची डाळ तशीच पातळ. तुझ्या खाटेवर अजून कोणी आलेलं नाही. रंजिता परत येईल, असं मी वॉर्डनबाईंना सांगत असते.

मागच्या वर्षी प्रॅक्टिकलला आपण निकेलचा चेलेट केला होता, आठवतं? धातूला खेकड्याच्या नांग्यांसारखा पकडून बसलेला तो लालभडक साका, कितीही पाणी ओता, विरघळेना. काल मॅडमनी झिंकचा चेलेट दाखवला. तो पाण्यात साखरेसारखा विरघळला. मी म्हटलं, चेलेट विरघळत नाही ना? त्या म्हणाल्या, "असं कोणी सांगितलं? निकेलच्या त्या संयुगावर विद्युतभार नाही, म्हणून पाणी त्याला विचारत नाही. याच्यावर आहे." मी लिहून घेतलं. धातूला दोन्हीकडे सारखंच घट्ट धरलेलं, मग पाणी एकालाच का घेतं, हे अजून डोक्यात शिरत नाही. दुसरी एक गोष्ट मात्र शिरली.

फुलसावंगीच्या बाजारात माझा मारोतीमामा तुमच्या खतांच्या दुकानासमोर ओरडला होता, "देवीलाल, नकली माल विकून राह्यला तू. असली चेलेट पाण्यात विरघळतच नाही." तू मला विचारलंस, याला हे कोणी शिकवलं असेल? मी म्हटलं, काय माहीत.

मी शिकवलं होतं. आदल्या दिवशी फवारणीआधी मामानं काकांकडचं चेलेट झिंकचं खत तांब्याभर पाण्यात टाकलं. ते लगेच विरघळलं, आणि बीएस्सीची भाची तोऱ्यात म्हणाली, "मामा, हे नकली हाय." त्यानं दोनदा विचारलं, "पक्कं ना पोरी?" मी पक्कं म्हटलं.

आधीच कपाशीनं सगळ्यांना रडवलेलं, बोगस बियाण्यांची धास्ती. लोकांनी दुकानाकडे पाठ फिरवली, आणि तू कॉलेज सोडलंस. मी इकडे तुझ्याच नोट्स वाचून पास झाले.

येत्या बाजाराला मी येतेय. मामा ओरडला त्याच जागी उभी राहून सांगणार, माल असली होता, चूक माझी. का विरघळतं असं कोणी विचारलं तर नीट सांगता येणार नाही. तू शेजारी उभी राहा, असं म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही. काकांना मात्र त्या दिवशी दुकान उघडं ठेवायला सांग.

तुझ्या बाबांना खोटं पाडणारी,
उर्वशी