पोटावरून फिरवलेला काउंटर

मनवेलपाडा, विरार. मंगळवार, १८ ऑगस्ट १९९८

दिवस गेलेत. सकाळी चाचणी केली तेव्हा आनंद व्हायला हवा होता. पण आधी आठवला तो किरणोत्सारी फॉस्फरस. कालपर्यंत हाताळत होते मी तो.

प्रयोगशाळेत कोणी नाही असं पाहून किरणं मोजायचा काउंटर पोटावरून फिरवला. टकटक नाही, काही नाही. पण त्यातून कळतं काय? आता तिथे काही नाही, एवढंच. आधी काय होऊन गेलं ते यंत्र थोडंच सांगणार? तरी पुन्हा फिरवला.

आमचं नवं एन्झाइम, एक अमिनो आम्ल बदलून घडवलेलं, डीएनएची नक्कल करताना रंग लावलेली अक्षरं बिनतक्रार घेतं. ते पक्कं झालं की अक्षरांचा क्रम रंगावरूनच वाचता येईल, खुणेसाठी लागणारा फॉस्फरस सुटेल. पण सरांना सगळं एकदा जुन्या पद्धतीने ताडून हवंय. म्हणजे पुन्हा तीच फॉस्फरसची खोली.

संध्याकाळी सुधीरला सांगितलं. आधी हसला, मग फॉस्फरसचं ऐकून खुर्ची ओढून समोर बसला.

"उद्यापासून जायचं नाहीस तू."

"अरे, ते एन्झाइम मी बनवलंय!"

"मग त्या खोलीत तरी जाऊ नकोस. सरांना सांग ना."

सांगेन. सांगायलाच हवं. पण सर लगेच विचारतील, मग हे काम कोण करणार? माझ्या हाताखालची स्मिता, दुसरं आहे कोण? नुकतंच लग्न झालंय तिचं. काल डबा खाताना लाजत म्हणाली, "ताई, आमच्या घरी सगळे गुड न्यूजची वाट बघतायत."