सभेत दिलेलं उत्तर

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र नाट्यगृहाच्या दारवानाच्या हातात कोंबून जाते आहे. प्रयोगाआधी वाच. मी भयंकर चिडले आहे, हे आधीच सांगते.

वर्षभर तू माझ्या कामावर विनोद करून टाळ्या घेतो आहेस. म्हणे, बहिणीने टोमॅटोत मासा घातलाय, चिरण्याआधी गळ टाकून पकडावा लागतो! अरे, आमच्या रोपात रानटी टोमॅटोचं एक जनुक आहे, करपा रोगाने झाड जळू नये म्हणून. माशाचा काडीचा संबंध नाही. हे तुला जेवताना तीनदा समजावलं, तर म्हणालास, रानटी टोमॅटोला कोण हसणार? काचघरात मी दिवसभर वाकून एकेका फुलावर कागदी पिशवी बांधते, पराग बाहेर जाऊ नये म्हणून. हंगाम संपला की शेवटचं पानसुद्धा भट्टीत जातं. तरी शेजारीण आता माझ्या हातची बाजारातली भाजीसुद्धा नको म्हणते. या बियाण्यावर मालकी कोणाची राहणार, हा प्रश्न मलाही छळतो. त्यावर बोलला असतास तर पहिली टाळी मी वाजवली असती.

रविवारी आमच्या टोमॅटोवरच्या जाहीर चर्चेत तू मला सगळ्यांसमोर मत्स्यकन्या म्हणालास आणि माझं डोकं फिरलं. मी माईक ओढला. म्हटलं, या गृहस्थांची आई रोज इन्सुलिन टोचून घेते, ते जनुकं बदललेले जंतूच तयार करतात. तिला शेपूट फुटलं का, विचारा यांना! सभागृह तुझ्या विनोदांना हसलं नसेल एवढं हसलं. मला कोण आनंद झाला! आई तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

सोमवारपासून तिने इंजेक्शन घेतलेलं नाही. जंतूंचं काही अंगात नको म्हणते. डॉक्टर घरी येऊन सांगून गेले की औषधात जंतू उरतच नाहीत. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा पाणी मागितलं. सारखी तहान लागते तिला. काल साखर चारशेच्या वर होती, आज सकाळपासून नुसती पडून आहे. दवाखान्यात यायला तयार नाही. मी सुई घेऊन जवळ गेले की तोंड फिरवते. दादा सांगेल तर घेईन, एवढंच म्हणते. तुझा राग येतोच, पण माझा स्वतःचा जास्त येतो रे. एका टाळीसाठी मी आईला सभेत उभं केलं. आजचा प्रयोग रद्द कर आणि तडक घरी ये. तिला सांग, धाकटी त्या दिवशी खोटं बोलली, औषध साधंच आहे. मी मान खाली घालून हो म्हणेन.

तुझीच,
धाकटी