नाव काढायचं नाही

६ जाने.
त्या थंडीत वन्संबरोबर मानिक चौकात लोकर आणायला गेले होते. ह्यांची थोरली बहीण, पण तेव्हा माझी मैत्रीणच. मला पहिल्या खेपेचा सातवा. गल्लीत रिक्षा हिसके खायला लागली तशा वन्सं ओरडल्या, "भैया, धीरे. दो नहीं, तीन सवारी हैं." घरापर्यंत हसत आलो. आज गजक खाताना उगाच आठवलं.

९ जाने.
लक्ष्मी गेटला जोशांकडे नातवाचं बारसं. पाळण्याखालून बाळ या हातातून त्या हातात. माझ्या हातात आलं आणि बोटं बधिर. जोशीणबाईंनी पटकन घेतलं म्हणून. नंतर त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी पीत उभी, जबडा आवळलेला, घरी येईपर्यंत सुटला नाही.
हे म्हणाले, "बी.पी. असेल." ह्यांना चांगलं माहीत आहे. दर बारशाला माझं हेच होतं. मीनल आणि राजू लहान असताना रात्रभर त्यांच्या नाकाशी हात धरून बसायची, तेही बी.पी.च असणार.

१३ जाने.
बी.पी. ठीक. डॉक्टरांनी सीपरी बाजारातल्या कौन्सेलरकडे पाठवलं. मीनलपेक्षाही लहान मुलगी.
"आंटीजी, बच्चे कितने?"
आयुष्यभर सांगत आले तेच सांगितलं. दो. मग तोंडातून आपोआप, "तीन. पहली लड़की थी. एक रात जी."
रडेन असं वाटलं होतं. त्याऐवजी म्हटलं, "मुझे बहुत राग आता है."
"अच्छा, आप गाती हैं?"
जन्म झाशीत गेला, हिंदीत भांडले, हिंदीत भाजी घेतली, आणि हा एक राग मराठीतच राहिला. तिला अर्थ सांगितला. दोघी पुष्कळ हसलो. मग ती म्हणाली, जे बोलू दिलं नाही ते शरीर धरून बसतं. कुणी जबड्यात, कुणी पोटात, कुणी झोपेत.
जाताना विचारलं, "नाम क्या था?"
नाव नव्हतं. बाराव्या दिवसापर्यंत ती होती कुठे.

१४ जाने.
वन्संकडे तिळगूळ घेऊन. म्हटलं, "आमच्या मुलीला नाव ठेवायचंय. आत्या तुम्ही. तुम्हीच ठेवायचं."
"कोणती मुलगी?"
"माझी पहिली."
वाटी खाली ठेवली. "तेव्हाच सांगितलं होतं ना, तिचं नाव काढायचं नाही."
"काढू कुठून? ठेवलंच नव्हतं."
"डोकं फिरलंय तुझं. त्या सीपरीवालीनं पट्टी पढवली. बारसं बाराव्या दिवशी असतं."
"रेल्वेवाल्यांच्या घरात उशिराचं कसलं कौतुक, वन्सं?"
हसू येत होतं त्यांना, मी पाहिलं. मग एकदम, "मी गुंडाळून दिली तिला. या हातांनी. तू झोपली होतीस. तुला काय माहीत."
"काहीच माहीत नाही. कुणी सांगितलं?"
उठून देवघरात गेल्या. मी बसून राहिले. मग आले.

१८ जाने.
ह्यांना सांगितलं, पुढच्या रविवारी करणार. "आता कशाला उकरतेस? लोक काय म्हणतील?"
म्हटलं, कॉन्व्हेंटात हजेरीला सिस्टर गैरहजर मुलीचंही नाव पुकारायच्या. रोज. ती येईल न येईल, नाव वहीत असायचं. माझी मुलगी गैरहजर आहे. नव्हतीच असं नाही.
हे जेवत होते. मग ताटाकडे बघत, "केस दाट होते. कानावर आलेले."
इतक्या वर्षांनी. भाजी पुढे सरकवली माझ्याकडे.
"भाजी नको. अजून सांगा."
सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते माझं.

२१ जाने.
झोप धड नाही. पण जबडा सैल. सीपरीची मुलगी म्हणते, एका दिवसात काही सुटणार नाही, नाव ठेवल्यावरही वाईट दिवस येतील. येऊ देत. निदान कशाचे ते सांगता येईल.
वन्संनी फोन उचलला नाही. दोनदा.

२४ जाने.
उद्या. पाळणा नाही, गाणी नाहीत, कानात कुर्र करायला कान नाही. नाव अंगणात उभं राहून मोठ्याने. वन्सं आल्या तर त्यांच्या तोंडून, नाही तर माझ्या.
हे गडबड करतील म्हणून लिहून ठेवते. घुगऱ्या जोशांकडे डबाभर, आणि कशाच्या विचारलं तर खरं सांगायचं. पेढे सीपरीच्या मुलीला. मीनलला आणि राजूला नाव, एकाच फोनवर, म्हणजे कुणाला आधी कळलं यावरून भांडायला नको. आणि आत्याचा मान, हिरवी जरीकाठाची साडी, वन्संकडे आज दिवेलागणीच्या आत. हातात घेतली नाही तर त्यांच्या ओट्यावर ठेवायची. परत आणायची नाही.