दोन्ही टोकांना पिना

बाबा, काल आईला गाडी दाखवायला नेलं. नवऱ्याने आणि मी एक जुनी मिनीबस घेतली आहे. मिहानकडच्या रस्त्यावर एका शेडमध्ये तिच्यात झोपायचे बाक, छोटा ओटा आणि फ्रिज बसवण्याचं काम चालू आहे. आईला चिखलदऱ्याला न्यायचं, वाटेत तिला वाटेल तिथे थांबायचं, एवढाच बेत. तिचं इन्सुलिन थंड राहायला हवं, म्हणून सगळ्यात आधी फ्रिज. चालत्या गाडीत तो बॅटरीवरच्या इन्व्हर्टरवर चालेल, मुक्कामाला पोचलो की बाहेरच्या लाइनवर.

जरीपटक्याच्या तुमच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात, मी शाळकरी असताना, मी विचारलं होतं की जनरेटरची आणि बाहेरच्या लाइनची वीज एकदम जोडली तर काय होतं. तुम्ही हातातलं काम ठेवलंत. "दोन बैल समोरासमोर जुंपते का कोणी? मधी एक चेंजओव्हर स्विच पाहिजेच. एक लागली का दुसरी सुटली पाहिजे." मग वायरचं टोक माझ्यापुढे धरून म्हणालात, "करंट जिथून येते तिथं भोकं, जिथं जाते तिथं पिना. उलटं केलं तर माणूस मरते." असं दटावून सांगितलंत की मी घाबरून मान हलवली.

आणि तरी तुमच्या शेवटच्या मे महिन्यात तुम्हीच तसली उलटी वायर केलीत. रोज दुपारी तासन्‌तास लाइट जायची, आईचं इन्सुलिन खराब होईल म्हणून तुम्ही दुकानातला जनरेटर घरी आणलात. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर, एक टोक जनरेटरला, दुसरं स्वयंपाकघरातल्या भिंतीच्या बोर्डात. आधी मेन स्विच बंद, मग पिना, मग जनरेटर. काढताना सगळं उलट. तेवढ्यापुरतं आहे, म्हणायचात. चेंजओव्हर रविवारी लावतो, म्हणायचात. रविवारी दुकानात गाड्या असायच्या.

त्या दुपारी मी ओट्याशी भाजी चिरते आहे. बाहेरून कोणीतरी ओरडतं, "लाइट आली!" तुम्ही कूलरमध्ये पाणी भरून ओल्या हातांनी आत येता, आणि जनरेटर चालू असतानाच भिंतीतली वायर ओढता. सुटलेल्या पिना हाताला लागतात. आई तुमच्याकडे धावते. मी तिला मागे ढकलते, बाहेर पळते, जनरेटर बंद करते, आणि मगच तुम्हाला हात लावते. तुम्ही शिकवलं होतं तसंच, आधी करंट बंद, मग माणूस. नातेवाइकांना आम्ही सांगितलं, हार्ट अटॅक. लाइटच्या माणसाला लाइटनेच मारलं, हे आईला कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

काल शेडमधल्या फिटरने तसलीच वायर पुढे केली. "मॅडम, इकडची पिन बाहेरच्या बोर्डात, तिकडची गाडीत. चेंजओव्हरची गरजच नाही. इन्व्हर्टर तेवढा आठवणीनं बंद करा."

"आणि आठवण नाही राहिली तर?"

"राहते न मॅडम! काहून टेन्शन घेऊन राहिल्या?"

मी म्हटलं, चेंजओव्हर लावा. गाडीच्या अंगाला बाहेरून खोलगट सॉकेट बसवा, पिना त्याच्या आत, केबलच्या टोकाला भोकं. अर्थिंग करा, आणि करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विचही लावा. तो हसला. "वडील लाइनमधले होते का?"

गाडीच्या पायरीवर बसलेली आई म्हणाली, "होते. असल्याच वायरीनं गेले."

आईनं हात पुढे केला. "काप गा ते. माह्यासमोर काप." त्याने पक्कड घेऊन दोन्ही टोकं तोडली. आईनं ती उचलून पाहिली आणि भंगाराच्या डब्यात टाकली.

परत येताना सिग्नलला आई समोर बघत म्हणाली, "माह्या इन्सुलिनपायीच गेले न वं ते?" आणि माझ्याकडे वळली. तिला एकच शब्द हवा होता. मागच्याने हॉर्न वाजवला, मी गिअर टाकला.

आज सकाळी ती सुई हातात धरून बराच वेळ बसली होती. मी दारातून पाहत होते. शेवटी तिने ती टोचून घेतली. चिखलदऱ्याला मात्र नको म्हणाली.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे. मी "नाही वं आई" म्हणाले नाही, बाबा. इतकी वर्षं मलाही तसंच वाटत आलं आहे.