खर्चाचा दुसरा कागद

ताई,

आज नमस्कार लिहायलाही लाज वाटतेय.

काल फोनवर तू म्हणालीस, “तुझं बघून धीर आला रे. मीही सोमवारी वजनाच्या ऑपरेशनला भरती होतेय. एकदाच काय तो खर्च, मग सुटका.” मी “हो हो” म्हणालो. तेव्हापासून मशीनवर एक शिवण सरळ येत नाही.

माझ्या ऑपरेशनसाठी तू ठेव मोडलीस. दवाखान्याने खर्चाचे दोन कागद दिले होते. मी तुला एकच दाखवला. दुसऱ्यावर जन्मभर घ्यायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, प्रोटीन पावडर, रक्ततपासण्या होत्या. तो पाहून तू नाही म्हणशील, असं वाटलं.

वजन उतरलं, तू गावभर सांगत सुटलीस. मी मात्र चार महिन्यांत गोळ्या सोडल्या. शिवणकामात भागेना. त्यामुळे आता पावलं बधिर झालीत. मशीनचं पायडल कुठे आहे, ते वाकून बघावं लागतं. डॉक्टर म्हणाले, “फार उशीर केलात.”

तुझ्याकडेही ऑपरेशनपुरतेच पैसे आहेत, मला ठाऊक आहे. फोन केला तर तोंडातून पुन्हा “हो हो”च निघेल, आणि टपाल पोचेपर्यंत सोमवार उलटेल. म्हणून हे पत्र इथेच ठेवून मीच तुझ्याकडे निघतोय. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण भरती होण्याआधी दे.

तुझा,
आता नावापुरताच जाड्या