बाजूची सीट

प्रिय खारूताई,

आता तू मोठ्या पदावरची बाई, हाताखाली माणसं आहेत, आणि मी अजून खारूताईच म्हणते. पण कागद पुढे ओढला की पहिलं हेच नाव उतरतं, त्याला मी काय करू? फोन सोडून आईनं पत्र का लिहिलं म्हणून तुझ्या काळजात धस्स होईल, तर आधीच सांगून टाकते: घरी आम्ही दोघं धडधाकट आहोत. म्हणजे जेवतो, हिंडतो, भांडतो. फोन करत नाही कारण घर लहान आणि बाबांचे कान हल्ली फार तिखट झालेत. मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी ते अंगणातून उत्तर देतात, आणि दुकानातून करावा तर गिऱ्हाइकांचे कान असतात. म्हणून दुकानात, शिलाई मशिनच्या फळीवर, कापडांच्या ढिगातून हातभर जागा करून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. शाळा मध्येच सुटली आणि पुढचं जे काही शिकले ते या मशिनपाशीच शिकले, हे तुला ठाऊकच आहे.

बातमी अशी, की येत्या रविवारी जीपवाल्या मंडळाची वर्षातली मोठी चढाई आहे आणि आपली जीप त्यात उतरते आहे. दरवर्षीच उतरते, त्यात नवल काय, म्हणशील. नवल हे, की यंदा स्टिअरिंगवर मी बसणार आहे. हस, आधी पोटभर हसून घे. जावईबापूंनाही वाचून दाखव. मग पुढचं मात्र एकटीनं वाच.

ठरल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या उलट्या लावल्या. इस्त्री करायला घेतल्यावर लक्षात आलं, तोवर कोट असा दिसत होता की घालणारा मागे चालत निघालाय. त्या चढणीच्या मध्यावर एक खडकाची पायरी आहे. गुळगुळीत, एका अंगाला कललेली, आणि त्या अंगाला खाली काही नाही. गेल्या वर्षी तिथे आमच्या मंडळातल्या दातांच्या डॉक्टरांची गाडी आडवी झाली. नशीब बलवत्तर म्हणून डोंगराच्या बाजूला पडली. पट्ट्याला उलटे लटकलेल्या डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं असेल? "चहा संपला नाही ना?" सगळे हसले. मीही हसले. आता ती गोष्ट आठवली की माझ्याकडून बाह्या उलट्या लागतात.

माणसं या वेडात पडतात तरी कशी, याचं मला पूर्वी कोडं होतं. चांगले डांबरी रस्ते सोडून दगडधोंड्यांत गाडी घालायची, चिखलात रुतायचं, मग दोर लावून एकमेकांना ओढायचं आणि घरी येऊन मजा आली म्हणायचं. मी मंडळातल्या एकेकाला विचारून पाहिलंय. दातांचे डॉक्टर म्हणतात, दिवसभर बारीक बारीक खड्डे बुजवतो, सुट्टीच्या दिवशी एखादा मोठा खड्डा बघावासा वाटतो. बेकरीवाले एकदा पावाची गाडी घेऊन वाट चुकले आणि ओढ्यात उतरले. बाहेर येईतो घामाघूम झाले, पण मागे पाहतात तर एक पाव हलला नव्हता. त्या दिवसापासून बायको म्हणते, माझ्यापेक्षा त्या ओढ्याची आठवण जास्त काढतात. तुझ्या बाबांचं प्रेम तर खात्याच्या खर्चानंच जमलं. तारा तुटल्या की विजेच्या खात्याची जीप घेऊन डोंगरात जायचं. पहिल्यांदा निघाले तेव्हा म्हणे भीतीनं अर्ध्या वाटेतून परत फिरणार होते. खांब दुरुस्त करून परत आले ते शीळ घालत. विचारून विचारून मला एक कळलं: घाबरला नाही असा एकही जण नाही. आधी पोटात गोळा येतो, आणि तो विरघळताना जे काही होतं, त्यालाच ही मंडळी प्रेम म्हणतात.

माझा मात्र गोळा कधी विरघळला नाही. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर गेले ती गाडीपुढे चालायला. अवघड जागी चालवणाऱ्याला चाकाखालचं दिसत नाही. म्हणून एकानं उतरून पुढे उभं राहायचं आणि हातांनी खुणा करायच्या: डावीकडे, उजवीकडे, हळू, ये, थांब. चालवणाऱ्यानं दगडाकडे बघायचंच नाही, फक्त त्या हातांकडे बघायचं. घरात माझं एक ऐकतील तर शपथ, पण डोंगरात माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर तुझे बाबा गाडी हलवायचे. नाही म्हटलं तरी त्या खुणांसाठीच मी जात होते गं.

मागच्या थंडीत सरावाला गेलो होतो. चढून झालं होतं; परत उतरताना मी पायरीच्या वरच्या काठावर उभी, तोंड गाडीकडे, पाठीमागे खोल उतार. दोन्ही मुठी वर केल्या, म्हणजे थांबा. गाडी थांबली नाही. मी ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतं! बंपर माझ्या गुडघ्यांना टेकला तेव्हा मी दोन्ही तळहातांनी बॉनेट बडवलं, आणि मग कुठे गाडी थांबली. आज यांची काही धडगत नाही, असं म्हणत मी तावातावानं खिडकीशी गेले. बाबा पांढरेफटक पडले होते. म्हणाले, "अगं, तू होतीस कुठे?"

मी समोर होते, खारूताई. त्यांच्या अगदी नाकासमोर.

मग त्यांनी पट्टा सोडला आणि सरकून बाजूच्या सीटवर बसले. "आता तू ने," म्हणाले. मी म्हटलं, अहो, मी बाजारात गाडी नेणारी बाई, मला हा उतार कसा जमेल? तर म्हणाले, "अंगठे स्टिअरिंगच्या आत नको, बाहेर ठेव, झटका बसला तर मोडतील. सगळ्यात हळू गिअर टाक. सुटली ना गाडी? आता दोन्ही पाय वर घे." दोन्ही? आणि ब्रेक? "ब्रेक दाबलास की घसरलीस. इंजिन धरून ठेवतं तिला. विश्वास ठेव." समोर बॉनेटच्या पलीकडे जमीनच नव्हती, नुसतं आभाळ. मी देवाचं नाव घेतलं, पाय आखडून घेतले, आणि गाडी खाली तोंड करून उतरायला लागली. घसरली नाही गं! एकेक दगड चाचपत, पावलापावलानं, जाड कापडावरून मी मशीन चालवते तशी. शिवणीच्या गाठीवर मशीन कधी दामटायचं नसतं, चाक हातानं फिरवून सुई पार न्यायची, एवढं तर मला जन्मभर ठाऊक होतं. तेच होतं हे. खाली पोचले तेव्हा माझ्या मनात एकच होतं: पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरावं. ते सांगायला मी वळले, तर बाबा चष्मा पुसत होते. स्वच्छ झालेला चष्मा, पुसतच होते. मी तोंड मिटून घेतलं. त्याच उतारावर त्यांचं स्टिअरिंग सुटलं आणि मला वेड लागलं. असा आनंद कुठे मिरवायचा, तूच सांग.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं, ते मला म्हणता येत नाही. अर्थ एवढाच, की दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो वाढत जाणार, आणि चष्म्यानं किंवा ऑपरेशननं काही व्हायचं नाही. वाचणं गेलं, गाडी तर गेलीच. बाबांनी दवाखान्याच्या जिन्यावरच मला बजावलं, "पोरीला कळवायचं नाही. सगळं टाकून धावत येईल." बाबांनी जीपनं आपल्या फाटकाचा खांब पाडला तो त्यामुळेच, पण तुला सांगितलं पाय घसरला, क्लच सुटला. तू म्हणालीस, विकून टाका ती जीप एकदाची, आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला, आठवतं? तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप होतं.

आणि डॉक्टरांनी बंदी घातली म्हणून ऐकतील तर ते तुझे बाबा कसले! रविवारच्या चढाईचं बोलणं निघालं तसे म्हणाले, "ती वाट मला पाठ आहे, डोळे मिटून चढेन." मी किल्ली लपवली. दुसऱ्या दिवशी शांतपणे म्हणाले, "बॉबिनच्या डब्यात किल्ली ठेवत जाऊ नकोस, सुई टोचली मला." किल्ली तिथेच होती. घेतली नव्हती. पण शोधली होती! त्या दिवसापासून मी दुकानात बसून शेजारणीला दर थोड्या वेळानं विचारायची, आमची गाडी जाग्यावर आहे का गं? ती बिचारी कंटाळली. शेवटी मीच म्हटलं, मी चालवते, तुम्ही बाजूला बसा, पण मला शिकवा. उत्तर आलं, "बाजूला? मी?" जसं काही टपावर बसा म्हटलं होतं.

बंद पडलेल्या दगडखाणीत आम्ही जायला लागलो. काय सांगू, बाजूच्या सीटवर इतका वाईट माणूस दुसरा नसेल. नसलेला ब्रेक दाबून दाबून पायाखालची चटई फाडली. "अगं अगं अगं" सोडून दुसरा शब्द नाही. मी एकदा गाडी थांबवून म्हटलंच, अहो, मी तुमच्या गाडीपुढे उभी राहायचे, तेव्हा एकदा तरी अगं अगं केलं का? त्यांनी चटईची फाटकी कड पायानं सारखी केली. मग म्हणाले, "इतकी वर्षं मला कळलंच नाही, आपल्या हातात काही नसलं की केवढी भीती वाटते ते." त्यानंतर त्यांनी पाय आखडून घेतले. आता ते कान देऊन बसतात. मागचं डावं चाक उचललंय, थांब, इंजिन कण्हतंय, थोडा ॲक्सिलरेटर दे, आता सोड. मला दिसतं, त्यांना ऐकू येतं, दोघांचं मिळून कसंबसं एक शहाणं माणूस होतं.

परवा खाणीतून परतताना मला विचारलं, "चोरून कशाला खूश होतेस?" मी म्हटलं, कोण खूश? मेले भीतीनं! तर म्हणाले, "मशिनवर काम मनासारखं चाललं की तू गुणगुणतेस. चढावर गुणगुणत होतीस." मला खरंच पत्ता नव्हता. मी रडायला लागले तर म्हणाले, "रस्त्याकडे बघ, मला दिसत नाही." आणि घरी येऊन बेकरीवाल्यांना स्वतः फोन केला: जीप आमचीच, चालवणार आमची ही, मी बाजूला. किल्ली तेव्हापासून दाराशी खिळ्यावर आहे. म्हणजे ती काळजी मिटली. आता उरली ती पायरी, आणि माझी भीती. पुढे उभं राहून खुणा करायला बेकरीवाले येणार आहेत. माणूस भला आहे, पण हात असे करतो की थांब म्हणतोय की पीठ मळतोय, कळत नाही.

पण हे सगळं सांगायला मी कागद घेतला नव्हता. रविवारचं रविवारी होईल. मी लिहायला बसले ते तुझ्या परवाच्या फोनमुळे. गेल्या महिन्यात तू येऊन गेलीस, आणि परवा रडत म्हणालीस, बाबा अजून जीपवरून रागावलेत, दोन दिवस होते मी, पण समोर बसून बोलतानाही माझ्याकडे बघितलं नाही, सारखे खिडकीकडे बघत होते, आता मी काही यायची नाही. मी नुसतं हं हं केलं, कारण ते पलीकडच्या खोलीत होते. आज त्यांना न विचारता सांगते, मग काय रागवायचं ते रागवू देत. बाळा, त्यांना फक्त कडेचं दिसतं. सरळ बघितलं की तुझ्या जागी नुसता राखाडी डाग. जरा बाजूला बघितलं, खिडकीकडे, भिंतीकडे, की डोळ्याच्या कोपऱ्यात तू येतेस, तुझे केस, तुझा कान, हसताना पडणारी खळी. तू गेल्यावर मला म्हणाले, "वाळली आहे गं पोर." दोन दिवस ते दुसरं काहीच करत नव्हते. तेव्हा ये. रविवारी ये, नाही जमलं तर पुढे कधीही ये, पण ये. त्यांच्यासमोर बस, आणि त्यांनी तुझ्याकडून तोंड फिरवलं, की जागची हलू नकोस.

तुझीच,
घाबरट पण गाडी सोडायला तयार नसलेली,
आई